३ जानेवारीचे दोन रस्ते : मांढरदेव, केदारनाथ आणि यात्रेच्या नियोजनातले आपले प्रश्न

२०२६ ची पौष पौर्णिमा ३ जानेवारीला आली. भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावातून अशा दिवशी दोन दिशांना गाड्या निघतात. एक दिशा नीरा नदी ओलांडून खंडाळा तालुक्यातल्या नायगावची. तिथे ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीमाई फुले जन्मल्या. दुसरी दिशा भोरवरून आंबाडखिंड घाटाने मांढरदेवची. पौष पौर्णिमा हा तिथल्या काळूबाईच्या यात्रेचा मुख्य दिवस. दोन्ही ठिकाणे सातारा जिल्ह्यात, दोन्ही भोंगवलीपासून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. त्याआधी दोनच दिवस, १ जानेवारीला, आपल्यातले अनेक जण भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना देऊन आलेले असतात.

आपल्यातल्या तरुणांचे उत्तर ठरलेले आहे : आम्ही नायगावला जाणार, मांढरदेवशी आमचा संबंध नाही. उत्तर बरोबर आहे, पण ते अपुरे आहे. कारण मांढरदेवच्या गाडीत बसणाऱ्यांमध्ये आपल्या शेजारची आळी असते, शेतावर सोबत काम करणाऱ्या बाया असतात, आणि खरे बोलायचे तर काही ठिकाणी आपल्याच वस्तीतली एखादी आजीही असते. २२ प्रतिज्ञा घेऊन तीन पिढ्या झाल्या तरी नातवाच्या आजारपणात बोललेला नवस तिच्या मनातून गेलेला नसतो. शिवाय यात्रा आता मांढरदेवपुरती राहिलेली नाही. दिवाळीनंतर गावोगावी चारधामची बोलणी सुरू होतात. किती माणसे, कोणती बस, हेलिकॉप्टरचे तिकीट मिळेल का, सरकारी योजनेत नाव लागेल का, अशी चर्चा चावडीवर आणि व्हॉट्सअॅपवर चालते. या नियोजनात खर्चाचा हिशेब असतो, मुक्कामांची यादी असते. काही प्रश्न मात्र त्यात कधीच नसतात. ते विचारणे हे आपले काम आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मांढरदेव २००५ : कोप की कारण?

२५ जानेवारी २००५. पौष पौर्णिमा, मंगळवार. मांढरदेवचा डोंगर सुमारे ४,६५० फूट उंचीचा. वर छोटेसे देऊळ, तिथे जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी आणि काही लाखांची गर्दी. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने आणि तेलाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. लोक घसरले, मागून रेटा वाढला, पडलेल्यांना उठायला जागाच उरली नाही. त्यातच दुकानांना आग लागली आणि गॅसच्या सिलिंडरचे स्फोट झाले. २९० हून अधिक माणसे मेली. त्यांत बायकांची आणि मुलांची संख्या मोठी होती.

त्यानंतर कित्येक महिने भोर-वाईच्या परिसरात एकच चर्चा होती. कुणी म्हणे देवी कोपली, कुणी म्हणे कुणाचा विटाळ झाला, कुणी म्हणे नवस फेडला नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना यातून काय मिळाले? दुःखासोबत एक अपराधाची भावना. आपल्याच माणसाचे काही चुकले असेल, ही शंका त्यांच्या पदरात पडली.

बुद्धाने शिकवलेली पद्धत याच्या उलट आहे. हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आपण विहारात ऐकतो, पण तो वापरायचा कुठे असतो? मांढरदेवच्या पायऱ्यांवर. निसरडी पायरी होती म्हणून माणूस घसरला. जाण्याची आणि येण्याची वाट एकच होती म्हणून रेटा आला. दाटीच्या जागी सिलिंडर होते म्हणून आग भडकली. वाटेवर अतिक्रमण होते म्हणून मदत पोहोचली नाही. यातले प्रत्येक कारण माणसाने निर्माण केलेले आहे, म्हणून ते माणसाला दूर करता येते. कोप दूर करता येत नाही. कोप मानला की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. प्रशासन सुटते, देवस्थान सुटते, परवानगी देणारा सुटतो.

त्या दुर्घटनेनंतर राज्य सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे यात्रेच्या काळात पशुहत्येला बंदी आली. आज सातारा जिल्हा प्रशासन दरवर्षी यात्रेआधी आदेश काढते : पशुहत्या करायची नाही, वाद्ये वाजवायची नाहीत, झाडांना खिळे ठोकून लिंबू आणि काळ्या बाहुल्या लटकवायच्या नाहीत. या आदेशांमागे आयोग आहे, तसेच अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचे अनेक वर्षांचे कष्टही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच सातारा जिल्ह्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा यात्रा, पूजा, प्रदक्षिणा यांना हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, साखळीने बांधणे, चटके देणे, हे तो गुन्हा ठरवतो. आपल्या कार्यकर्त्यांनी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. कुणाच्या श्रद्धेवर धाड घालायला आपण निघालेलो नाही. अंगात येते म्हणून एखाद्या सुनेला डोंगरावर नेऊन मारहाण होत असेल, तर तिथे पोलीस बोलावणे हे मात्र आपले कर्तव्य आहे.

डोंगर जितका उंच, तितका हिशेब कडक

मांढरदेव ओळखीचा तरी आहे. भोर-वेल्ह्याच्या माणसाला डोंगर नवा नाही. रायरेश्वर, राजगडावरची पद्मावती, तोरण्यावरची मेंगाई ही सगळी उंचावरचीच ठाणी. तोरणा तर १,४०३ मीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या सर्वांत उंच किल्ल्यांपैकी. त्यामुळे आमच्याकडचा साठीचा माणूस म्हणतो, आपण तोरणा चढलेले लोक, केदारनाथचे काय!

इथेच फसगत होते. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे तोरण्याच्या अडीचपट उंचीवर. बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री ही ठिकाणेही तीन हजार मीटरच्या वर आहेत. साडेतीन हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. चढण्याची सवय पायांना असते, पण विरळ हवेची सवय रक्ताला व्हावी लागते आणि त्याला दिवस लागतात. म्हणूनच उत्तराखंडचे आरोग्य खाते यात्रेकरूंना किमान सात दिवसांची आखणी करायला, निघण्याआधी तपासणी करून घ्यायला आणि हृदयरोग, दमा, रक्तदाब, मधुमेह असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगते. यात्रेची नोंदणीही सक्तीची आहे.

आपल्याकडच्या बसचे नियोजन याच्या नेमके उलटे असते. जितके कमी दिवस तितका खर्च कमी. मग दोन दिवस-रात्र प्रवास, तिसऱ्या दिवशी गौरीकुंड, आणि लगेच १६ किलोमीटरची चढण. ज्याच्याकडे पैसे आहेत तो हेलिकॉप्टरने जातो. तिथे चालण्याचे कष्ट वाचतात, पण शरीराला उंचीची सवय व्हायला मिळणारा थोडाफार वेळही जातो. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च ४,०८१ कोटी रुपये. आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांवर येईल, असे सरकार सांगते. छत्तीस मिनिटांत दीड हजार मीटरहून अधिक वर पोहोचलेल्या सत्तरीच्या माणसाच्या फुप्फुसांचे काय, हा प्रश्न वरच्या दवाखान्याच्या खाटा मोजून सोडवावा लागेल.

गेल्या काही वर्षांचा पाढा वाचला तरी पुरे. जून २०१३ मध्ये ढगफुटी आणि चोराबारी तलाव फुटल्याने केदारनाथ खोऱ्यात हाहाकार झाला. उत्तराखंडात त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. २०२५ या एकाच वर्षात ८ मे ला गंगोत्रीच्या वाटेवर हेलिकॉप्टर कोसळून सहा जण गेले. १५ जूनला गौरीकुंडजवळ दुसरे कोसळले, त्यात सात जण गेले आणि त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते. २७ जुलैला हरिद्वारच्या मनसा देवीच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन किमान आठ जण मेले. मांढरदेवनंतर वीस वर्षांनी, पुन्हा डोंगरावरचे देऊळ, पुन्हा पायऱ्या. ५ ऑगस्टला गंगोत्रीच्या रस्त्यावरचे धराली गाव चिखलाच्या लोंढ्याखाली गेले. महाराष्ट्रातले अनेक यात्रेकरू तेव्हा अडकले, त्यांत आपल्या पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातला एक गटही होता. २६ ऑगस्टला वैष्णोदेवीच्या वाटेवर दरड कोसळून तीसहून अधिक माणसे मेली.

प्रत्येक वेळी मेलेल्यांची यादी वाचा. गर्दीत चिरडले जाणारे, दरडीखाली सापडणारे बहुतेक साधे लोक असतात. खास पास घेऊन दर्शन घेणाऱ्याला वेगळा दरवाजा असतो. आणि ज्यांची नावे यादीतही नीट येत नाहीत असेही आहेत. पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून तीन हजार मीटरवर चढणारा नेपाळी मजूर, खेचर हाकणारा पोरगा, दोर खांद्यावर घेऊन पालखी वाहणारे चौघे. दुसऱ्याचे पुण्य त्यांच्या पाठीवरून वर जाते. भोंगवलीहून निघणाऱ्या यात्रेकरूने भाव ठरवताना शंभर रुपये कमी कर म्हणून घासाघीस करण्याआधी हे एकदा पाहावे. श्रमाचे मोल मागणारी बाबासाहेबांची परंपरा इथे लागू होत नाही असे कुणी समजू नये.

योजना कुणाच्या खात्याची?

आता पैशाचा प्रश्न. जुलै २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्य सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. वय ६० आणि त्यापुढे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, आणि प्रवास-राहणे-जेवण धरून माणशी ३० हजार रुपयांची कमाल मर्यादा. यादीत केदारनाथ, बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री आहेत. बोधगयेचे महाबोधी महाविहार आहे. राज्यातल्या यादीत दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीही आहेत.

यादी सर्वधर्मीय आहे, मग तक्रार कसली, असे विचारले जाईल. तक्रार खात्याची आहे. ही योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची आहे. याच विभागाकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, स्वाधार योजना आहे, परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. मे २०२५ मध्ये याच विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. तेव्हा खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली होती. पुण्याला शिकायला गेलेल्या भोर-वेल्ह्यातल्या मुलाने शिष्यवृत्तीसाठी वर्षभर वाट पाहायची आणि त्याच खात्यात तीर्थयात्रेच्या अर्जांची छाननी चालायची, हे सामाजिक न्यायाच्या कोणत्या व्याख्येत बसते?

साठीच्या गरीब माणसाने आयुष्यात एकदा गावाबाहेरचे जग पाहावे, रेल्वेत बसावे, याला आपला विरोध असू शकत नाही. उलट त्याची गंमत आपल्यालाही कळते. आपल्या आज्यांनी पहिल्यांदा रेल्वे पाहिली ती बहुतेक ६ डिसेंबरला दादरला जातानाच. विरोध आहे तो पर्यटन किंवा इतर कोणत्या खात्याच्या पैशातून व्हायची गोष्ट सामाजिक न्यायाच्या माथी मारण्याला. संविधानाचे कलम २७ सांगते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणालाही कर द्यायला भाग पाडता येणार नाही. हजचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. तेव्हा टाळ्या वाजवणारे आज तीर्थदर्शनाच्या फलकावर स्वतःचे फोटो लावत आहेत.

आणि बोधगयेचे काय? योजना तुम्हाला बोधगयेला नेईल, पण तिथला कारभार कुणाच्या हाती आहे ते सांगणार नाही. १९४९ च्या कायद्याप्रमाणे महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी आणि उपासकांनी या कायद्याविरुद्ध बोधगयेत आंदोलन सुरू केले. सरकारी खर्चाने तिथे जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी दर्शन घ्यावे, आंदोलनस्थळीही बसून यावे. तेही यात्रेच्या नियोजनात धरावे.

निवडणुकीची बस

पुणे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कारभार मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती होता. निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरका, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे निवडणूक दारात आली आणि देवदर्शनाच्या बसही दारात आल्या. इच्छुकांनी गटातल्या बायकांना तीर्थाला न्यायचे, वाटेत साडी-पिशवी द्यायची, परत आल्यावर बसवर लावलेला फोटो लक्षात ठेवायला सांगायचे, ही रीत ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. मतासाठी लाभ देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे लाचेचा गुन्हा आहे. पण आचारसंहिता लागण्याआधी निघालेली बस सिद्ध कोण करणार?

आपल्या वस्तीतही ही बस येते. कधी ती जेजुरीला जाते, कधी उज्जैनला, आणि आपल्यासाठी म्हणून कधी दीक्षाभूमीलाही. दीक्षाभूमीला नेली म्हणून ती लाच राहत नाही का? राहते. चार वर्षे सदस्य नव्हते, तेव्हा वस्तीचा रस्ता, पाण्याची टाकी, स्मशानभूमीची जागा यांचे काय झाले, हे बसमध्ये चढण्याआधी विचारायचे. बसचे भाडे एका दिवसाचे असते आणि मत पाच वर्षांचे.

डोंगरावरचे देऊळ आणि आपला इतिहास

देवळाच्या पायरीशी आपले नाते काय होते, हे तरुणांनी विसरू नये. १३ ऑक्टोबर १९२९ ला पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज हे त्यात पुढे होते. टेकडीवरच्या देवळात अस्पृश्यांना जाता यावे, एवढीच मागणी होती, आणि त्यावर दगड पडले. पुढच्याच वर्षी २ मार्चला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो अनेक वर्षे चालला. शेवटी बाबासाहेबांनी तो रस्ताच सोडला. १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली, १९५६ मध्ये धम्मदीक्षा. देवळात प्रवेश मिळवण्यापेक्षा शिक्षण, सत्ता आणि स्वाभिमान मिळवण्यात शक्ती लावावी, हा त्यांचा अनुभवातून आलेला निष्कर्ष होता. ज्या पायरीवर दगड खाल्ले, तिथे आज फुकटच्या बसने नेले जाते. हा बदल समतेचा आहे की मतांचा, हे तपासायची सवय लावून घ्यावी.

दुसरी बाजूही आहे. सह्याद्रीच्या डोंगरांत पहिली मोठी वाट भिक्खूंनी कोरली. कार्ल्याच्या चैत्याच्या दारात आज एकवीरेचे देऊळ आहे. लेण्याद्रीला बौद्ध विहारातच गिरिजात्मज गणपती आहे. भोंगवलीपासून नीरेच्या पलीकडे शिरवळजवळही बौद्ध लेणी आहेत. केदारनाथला जाणाऱ्या दहा जणांपैकी किती जणांनी ती पाहिली असतील? आणि आपल्यापैकी तरी किती जणांनी? उंच डोंगरावरचे लेणे हे पुण्य मिळवण्याचे ठिकाण नव्हते. व्यापारी वाटेवरच्या माणसाला पाणी, निवारा आणि विचार देण्याचे ते ठिकाण होते. पावसाळ्यात फिरायचे नाही, एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियमही पाऊस आणि निसर्ग ओळखूनच ठरला. धरालीच्या बातम्या वाचताना या नियमातले शहाणपण लक्षात येते.

आपल्या गर्दीलाही हाच नियम

दुसऱ्याच्या यात्रेला प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या गर्दीलाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला काय झाले, हे सर्वांना माहीत आहे. हल्ला करणारे दोषी होतेच, पण पुरेसा बंदोबस्त न ठेवणारे प्रशासनही तितकेच जबाबदार होते. त्यानंतर तिथे वाहनतळ, बस, पाणी, वैद्यकीय पथके अशी आखणी होऊ लागली. ती आपण मागितली म्हणून झाली. चैत्यभूमीला समता सैनिक दलाचे कार्यकर्ते रात्रभर उभे राहून रांग लावतात. लाखो माणसे शिस्तीने येतात, पुस्तके घेऊन परत जातात. ही आपली जमेची बाजू.

उणी बाजूही सांगायला हवी. टेम्पोत उभ्याने कोंबून माणसे नेणे, चालकाला झोप न देता रात्रीचा परतीचा प्रवास करणे, साठीच्या माणसाची औषधे विचारायचीच नाहीत, हे आपल्याकडेही होते. २० मार्चला महाडला जाताना भोरहून वरंध घाट उतरावा लागतो. त्या वळणांवर थकलेला चालक कोणत्या धर्माचा आहे हे दरी पाहत नाही. कारणांचा नियम सर्वांना सारखा लागू आहे.

२०१२ मध्ये अमरनाथ यात्रेतल्या मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि यात्रेकरूची सुरक्षितता संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडली. हे आपल्याही कामाचे आहे. मांढरदेवच्या पायरीवरची बाई आणि चैत्यभूमीच्या रांगेतली बाई, दोघीही नागरिक आहेत आणि दोघींचा हक्क एकच आहे. २०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ येत आहे. हजारो कोटींची कामे निघत आहेत. त्यात सफाई कामगारांना हातमोजे, विमा आणि वेळेवर पगार मिळतो का, हे पाहणारे आपल्याशिवाय कोण आहे?

तर करायचे काय?

भोर-वेल्ह्यातल्या (वेल्हे आता राजगड तालुका झाला आहे) कार्यकर्त्यांसाठी काही साधी कामे सुचवतो.

एक, मांढरदेव यात्रेचा यंदाचा बंदोबस्त आराखडा माहितीच्या अधिकारात मागवा. जाण्या-येण्याच्या वेगळ्या वाटा, रुग्णवाहिकांची संख्या, पायऱ्यांवरची दुकाने, सिलिंडरची तपासणी, या चार गोष्टी विचारा. भोरच्या बाजूने घाटातली वाहतूक पुणे ग्रामीण पोलिसांकडे येते, देऊळ सातारा जिल्ह्यात आहे. दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर जबाबदारी हरवते, म्हणून पत्र दोन्हीकडे द्या.

दोन, गावातून कुणीही चारधामला निघाले, कोणत्याही जातीचे असो, तर महिनाभर आधी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला घेऊन जा. रक्तदाब, साखर, दम. रोज अर्धा तास चालायला सांगा. आयोजकाला विचारा : वाटेत विश्रांतीचा दिवस किती, नोंदणी झाली का, विमा आहे का, पावसाळ्याचे महिने टाळले का? मोबाइलवर नोंदणी करून द्यायला तुमची दहा मिनिटे जातील, पण एखाद्याचा जीव वाचेल.

तीन, सामाजिक न्याय विभागाकडे तालुक्यातल्या विद्यार्थ्यांच्या प्रलंबित शिष्यवृत्तीची आणि तीर्थदर्शन योजनेवरच्या खर्चाची माहिती एकाच अर्जात मागा. दोन आकडे शेजारी ठेवले की फार भाषण करावे लागत नाही.

चार, घरातल्या आजीशी भांडू नका. नवस ती गंमत म्हणून बोललेली नसते. तिच्या आयुष्यात दवाखाना लांब होता, नवरा ऐकत नव्हता, पैसे नव्हते, आणि मन मोकळे करायला डोंगरावरची ती एकच जागा होती. तिला काळूबाई खोटी म्हणून सांगण्याआधी तिचे दुखणे काय होते ते विचारा. तिला डॉक्टर, औषध, आणि ऐकून घेणारे माणूस मिळाले की नवसाची गरज हळूहळू कमी होते. चमत्कार न करता माणसांचे दुःख ऐकत बुद्ध गावोगाव फिरले, हे आपण दर बुद्धपौर्णिमेला सांगतो. घरातही तसेच वागायला हवे.

पाच, ३ जानेवारीला नायगावला जाताना शेजारच्या आळीतल्या दोन मुलींना सोबत घ्या. त्यांच्या आया मांढरदेवला गेल्या असतील तर जाऊ द्या. मुलींना सावित्रीमाईंचे घर दाखवा, परत येताना शिरवळची लेणी दाखवा, आणि संध्याकाळी दोन्ही गाड्या सुखरूप परत आल्या का याची चौकशी करा.

जय भीम. नमो बुद्धाय.